लाटण्यावरचे व्होल्ट

सर देवाला एका हातानं नमस्कार करत. डावा हात पँटच्या खिशात, उजवा छातीपाशी उभा, डोळे मिटलेले. शेगावला समाधीपुढेही असंच. एकदा रांगेत त्यांच्या मागे असलेली एक म्हातारी हळहळली आणि सुनेला म्हणाली, "पाह्य वं, बिचाऱ्याचा हात गेला, तरी दर्शनाले आला." मग तिनं पुढच्या लोकांना ओरडून सांगून सरांना रांगेत चांगलं वीस माणसं पुढे सरकवलं. सर सरकले. आम्ही नंतर विचारलं, सर, तुम्ही तिला हात काढून का नाही दाखवला? तर म्हणाले, "तिनं एवढं पुण्याचं काम केलं, ते म्या काऊन मोडू?"

हात चांगला शाबूत होता. पण विजेचं काम करताना एक हात खिशात ठेवायचा, हा सरांचा नियम. दोन्ही हात कामात असले तर करंट एका हातातून शिरतो, काळजातून जातो आणि दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. एकच हात असला तर काळीज बचावतं. नियम प्रयोगशाळेपुरता होता. सरांनी तो आयुष्याला लावला. ते एका हातानं सायकल चालवत. बुलढाण्याचे रस्ते चढउताराचे, त्यामुळे उतारावर सर समोरून येताना दिसले की आपल्यालाच बाजूला व्हायचंय हे लोकांना न सांगता कळे. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगत की लग्नात त्यांनी हारसुद्धा एका हातानं घातला. अर्धा हार काकूंच्या कानातल्यात अडकला आणि भटजी मंत्र म्हणता म्हणता सोडवत बसले.

हे आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजातले फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर जिल्ह्यातले अर्धे इंजिनियर आपापली आठवण घेऊन माझ्या दारात येतील आणि मला बोलूच देणार नाहीत. पहिला मान माझा आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगायलाच बसले आहे.

लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे लोक सरांपुढे हात टेकत. बसण्याआधीच ते जाहीर करत, "पोळ्या दोन, वरन एक वाटी, जिलब्या तीन. लिमिट लागली." त्यानंतर ब्रह्मदेव वाढायला आला तरी उपयोग नसे. एकदा वरबापानं स्वतः येऊन चौथी जिलबी त्यांच्या तोंडापाशी धरली. सरांनी तोंड उघडलं नाही, वरबापानं हात मागे घेतला नाही. पाक वरबापाच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला, तिथून नव्या सदऱ्यात शिरला, तरी दोघं तसेच. शेवटी वरमाईनं ती जिलबी स्वतः खाल्ली आणि पंगत पुढे सरकली.

हे लिमिटचं वेड त्यांना एका यंत्रापायी लागलं होतं. कॉलेजला सरकारी अनुदानातून एक पॉवर सप्लाय मिळाला. पॉवर सप्लाय म्हणजे घरातली वीज आत घेऊन पुढे हव्या तेवढ्या व्होल्टची, बॅटरीसारखी सरळ वीज देणारी पेटी. शून्यापासून चाळीस व्होल्टपर्यंत काय हवं ते मागा. करड्या रंगाची लोखंडी पेटी, पुढे दोन काटे, दोन बटनं, एक हिरवा दिवा, एक लाल. आमच्याकडे रेल्वे नाही, म्हणून पार्सल शेगाव स्टेशनावर उतरलं आणि ते आणायला सर स्वतः गेले.

परत येताना एस.टी.च्या कंडक्टरनं खोकं टपावर टाकायला सांगितलं. सर म्हणाले, "टपावर तुम्ही बसा, मी बसतो, हे नाही बसनार. याचं तिकीट फाडा." कंडक्टरनं गंमत म्हणून हाफ तिकीट फाडलं. सरांना तो अपमान वाटला. "फुल फाडा. अक्कल आपल्या दोघापेक्षा जास्त हाय त्याले." खोकं खिडकीपाशी बसलं आणि सर शेगावपासून बुलढाण्यापर्यंत, बोथ्याच्या घाटातली वळणं धरून, एका हातानं दांडी पकडून उभे राहिले. खामगावला एक बाई मुलाला घेऊन चढल्या आणि म्हणाल्या, भाऊ, खोकं खाली ठेवा न. सरांनी त्यांना तिकीट दाखवलं.

यंत्राबरोबर चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. सरांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि महिनाभर त्याचं पारायण केलं, पोथीचं करतात तसं, आंघोळ करून. त्यानंतरच आम्हाला हात लावायला मिळाला, तोही चार पायऱ्यांनी. पहिली, दोन्ही बटनं शून्यावर. दुसरी, पुढच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना सरळ जोडायची, व्होल्ट जरासे वर घ्यायचे आणि करंटचं बटन फिरवून मर्यादा ठरवायची. तिसरी, टोकं सोडवायची आणि व्होल्ट ठरवायचे. चौथी, मग कुठे बल्ब नाहीतर मोटर जी काय असेल ती जोडायची. हे आम्ही पाढ्यासारखं म्हणायचं. चुकलं की यंत्र बंद, बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचं, आणि पुन्हा पहिलीपासून.

दुसऱ्या पायरीला सगळ्यांची पाचावर धारण बसायची. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की ठिणगी, फ्यूज आणि बापाचा मार, एवढंच वीजशास्त्र आम्ही घरून शिकून आलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी टोकं जोडली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"डोळे काऊन मिटले वं? लग्न लागून राह्यलं काय तुह्यं?"

वर्ग हसला. मी एक डोळा उघडला. लाल दिवा लागला होता. करंटचा काटा अर्ध्या अँपिअरवर जाऊन गप्प उभा होता आणि व्होल्टचा काटा शून्यावर पडला होता. ठिणगी नाही, वास नाही, काही नाही.

"पाह्यलं?" सर म्हणाले. "जेवढं सांगतलं तेवढंच देते. त्याच्या पुढं तू मारून टाकशीन तरी देत नाही. हिरवा हाय तोवर व्होल्ट मालक, लाल लागला का करंट मालक."

मला इतका आनंद झाला की मी तीच पायरी पुन्हा करून पाहिली. आणि पुन्हा. सरांनी तीनदा करू दिली आणि चौथ्यांदा मात्र बाहेर पाणी प्यायला पाठवलं.

कॉलेजसमोर पिठाची गिरणी होती. अकरा वाजता ती सुरू झाली की आमच्या प्रयोगशाळेतले दिवे पिवळे पडत आणि पंखा दमल्यासारखा फिरे. सर त्या घटकेची वाट पाहत. "गिरनी लागली," असं ते शिकवणं मध्येच तोडून सांगत, आणि आम्ही सगळे जागेवरून उठून पॉवर सप्लायभोवती उभे राहत असू. वर दिवे मिणमिणत आणि यंत्राचा काटा मात्र बारा व्होल्टवर जसाच्या तसा, हूं की चूं नाही. रोज तेच दृश्य, तरी सरांचा चेहरा रोज फुलायचा. एकदा तर ते गिरणीवाल्यालाच हाताला धरून घेऊन आले. तो पिठानं पांढरा झालेला माणूस काट्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे माह्या गिरनीची याले काहीच किंमत नाही काय?" तेव्हापासून तो सरांशी जरा फटकूनच वागे.

आता माझं सांगते. कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षापर्यंतच होतं. फायनलसाठी अकोला नाहीतर अमरावती. मुलं जात. माझे अप्पा कोर्टात कारकून होते, हळू बोलत आणि एकदाच बोलत. मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. "इथी फायनल निघालं तं शिक. नाही निघालं तं अकोल्याले होस्टेलात मी तुले ठेवत नाही. चिखलीवाले थांबून राह्यले, पन किती दिस थांबतीन?"

चिखलीवाले म्हणजे तिथल्या अडत दुकानाचं स्थळ. मुलगा वाईट नव्हता. पाहायला आला तेव्हा त्यानं मला आपणहून एक प्रश्नही विचारला होता, "फिजिक्समध्ये काय असते?" मी सांगायला सुरुवात केली, तोच त्याची आई म्हणाली, "राहू दे माय, चहा थंडा होते." मला त्या क्षणी कळलं की या घरात माझं वाक्य कधीच पुरं होणार नाही. मी शिकायला हावरी होते, अजून आहे, आणि त्या दिवसांत मला अन्न गोड लागत नव्हतं.

ही गोष्ट माझी पार्टनर कुसुम हिनं सरांच्या कानावर घातली. वर्गात आम्ही दोघीच मुली, प्रयोगाला एकाच टेबलावर. सरांनी ऐकून घेतलं, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग फायनल इथीच आना लागते." जणू तालुक्याहून खताचं पोतं आणायचं होतं.

फायनल आणायचं म्हणजे विद्यापीठाचा अर्ज भरायचा, मग दोन प्राध्यापकांची समिती येऊन प्रयोगशाळा बघणार. अर्ज प्राचार्यांनी सरांच्याच गळ्यात घातला, कारण त्यातली यंत्रांची यादी बाकी कोणाला वाचताही येत नव्हती. त्या यादीतलं निम्मं सामान आमच्याकडे नव्हतं. सर म्हणाले, "नसू दे. जे हाय त्याचं पोट फाडून दाखवू."

यंत्राच्या पाठीमागे स्क्रूंची एक ओळ होती. सरांच्या पोथीत लिहिलं होतं की त्यातल्या दोन स्क्रूंमध्ये बाहेरून जेवढा रेझिस्टन्स लावाल, त्या हिशेबानं पुढे व्होल्ट मिळतील. हजार ओहम लावले तर पाच व्होल्ट, दोन हजार लावले तर दहा. म्हणजे बटनाला हात न लावता, आधी ठरवून ठेवलेल्या क्रमानं यंत्र आपलं आपण चालवता येईल. सरांना हे वाचून झोप येईना. त्यांनी काकूंचं लाटणं उचललं, त्यावर पितळेच्या पट्ट्या ठोकल्या, प्रत्येक पट्टीला वेगळा रेझिस्टन्स जोडला आणि गजराच्या घड्याळाची चाकं लावून लाटणं हळूहळू फिरतं केलं. वर तारेचा एक ब्रश. लाटणं फिरेल तसा ब्रश एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर जाणार आणि बल्ब दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा अशा व्होल्टनं पायरी पायरीनं उजळणार. काकू पुढे किती तरी दिवस काचेच्या बाटलीनं पोळ्या लाटत होत्या.

यात एक धोका होता, आणि तो सरांनी अकरा वेळा लाल दिवा पेटवून शिकून घेतला. ब्रश एक पट्टी सोडून दुसरी पकडेपर्यंत मध्ये निमिषभर जरी मोकळा राहिला, तर त्या दोन स्क्रूंमध्ये काहीच उरत नाही, आणि काहीच नसलं की यंत्र थेट चाळीस व्होल्टकडे उडी मारतं. म्हणून पट्ट्यांची टोकं एकमेकींत घुसवायची. पुढची पकडल्याशिवाय मागची सोडायची नाही. असं केलं की मधल्या क्षणी दोन्ही पट्ट्या ब्रशखाली असतात, बल्ब जरासा मंद होतो आणि मग वर चढतो. सर म्हणत, "पाह्य, दर पायरीवर वाकून चढते. किती संस्कारी बल्ब हाय."

ते लाटणं चालू झालं त्या दिवशी आम्ही वर्गात अक्षरशः नाचलो. कुसुम, मी, सर, आणि शेजारच्या केमिस्ट्रीतून आवाज काय म्हणून बघायला आलेले दोघं. सर एक हात खिशात ठेवून नाचत होते.

समिती यायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी सरांना खोलीत बोलावलं. सरांना बोलू दिलं तर ते पंगतीतल्या जिलबीपासून सुरू करतील, ही त्यांची धास्ती. त्यांनी शब्द घेतला: प्रयोग या मुलीनं, म्हणजे मी, करून दाखवायचा, सरांनी भिंतीपाशी उभं राहायचं, आणि काही विचारलं तर फक्त "हो सर" म्हणायचं. सरांनी शब्द दिला. मग शेवटची एकदा तपासणी म्हणून लाटणं घरी घेऊन गेले.

समितीत दोघं होते. एक गोल, हसरे, चिवड्याची बशी हातात धरूनच प्रयोगशाळेत शिरलेले. दुसरे बारीक, जाड चष्म्याचे, आणि कपाळावर आठ्या अशा की जन्मताच घेऊन आले असावेत. त्यांनी कपाटं पाहिली, यादीवर फुल्या मारल्या. बऱ्याच मारल्या. प्राचार्य दर फुलीला खाली बसत चालले होते. मग ते आमच्या टेबलापाशी आले.

मी चारही पायऱ्या केल्या. बल्ब अर्ध्या अँपिअरचा, म्हणून मर्यादा सहा दशांश अँपिअरवर ठेवली. घड्याळाची चावी सोडली. लाटणं फिरू लागलं. दोन व्होल्ट, चार व्होल्ट, बल्ब दर वेळी वाकून चढत होता. सहा. आणि सहावरून आठवर जाताना तो वाकला नाही. एकदम पांढराफटक झाला, व्होल्टचा काटा उसळला आणि लाल दिवा लागला. दोन-तीन क्षणांनी पुढची पट्टी आली, बल्ब खाली आला, लाल दिवा गेला आणि सगळं पुन्हा शहाण्यासारखं चालू झालं.

चिखलीचं अडत दुकान, तुरीची पोती आणि थंड होणारा चहा, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"हे पुन्हा दाखवा," आठ्यावाले म्हणाले. मी लाटणं हातानं मागे फिरवलं. पुन्हा तेच, लाल.

"हे असंच व्हायला हवं होतं का?" हा प्रश्न त्यांनी सरांना केला.

प्राचार्यांनी सरांकडे असं पाहिलं की दगड असता तर फुटला असता. "हो सर," सर म्हणाले. मग त्यांचा चेहरा लाल होत गेला, आणि पाच मोजेपर्यंतसुद्धा त्यांना ते पोटात ठेवता आलं नाही. "म्हंजे, नाही सर. नव्हतं व्हाले पाह्यजे."

आणि सर पुढे आले. डावा हात खिशातून बाहेर काढला, दोन्ही हातांनी लाटणं उचललं आणि नाकाशी धरलं. पट्ट्या सोन्यासारख्या चमकत होत्या. चौथ्या पट्टीचं टोक वर वळून मोडलं होतं.

"हे एवढं लखलख काऊन करून राह्यलं?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग त्यांना उमगलं. "सर, आमच्या घरच्यांनी रातच्यानं चिंच लावून घासलं. पितळ हाय न. पाव्हणे येनार म्हनून."

चिवडेवाले इतके हसले की बशी टेबलावर ठेवावी लागली. प्राचार्य खुर्चीत बसलेच. आठ्यावाले हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"चाळीस व्होल्टला हा बल्ब टिकत नाही. मग गेला कसा नाही?"

"व्होल्ट चाळीसपर्यंत पोचलेच नाहीत, सर. करंटला लिमिट लावली होती. सहा दशांश झाल्यावर यंत्रानं पुढे दिलं नाही."

"पण लाटण्यावरचा प्रोग्रॅम तर बरोबर असणार होता. मग लिमिट कशाला लावली? तुम्हाला हा बिघाड माहीत होता?"

"नाही सर."

"मग कोणी सांगितली लावायला?"

जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "कोणी सांगावं लागत नाही, सर. इथं तसंच करतात."

त्यांनी बराच वेळ काही लिहिलं. मग पेन खिशाला लावलं, कोट काढून खुंटीला अडकवला आणि आपल्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फाडून सरांपुढे धरला. "हा घाला बघू त्या फटीत." पुढचा पाऊण तास दोघं त्या लाटण्यावर डोकं डोक्याला लावून वाकले होते. दोघांचाही एकेक हात खिशात. पलीकडे जेवणाची पानं वाढलेली, वरण निवत चाललेलं, प्राचार्य दारातून येरझारा घालत होते, आणि हे दोघं चौथी पट्टी दुरुस्त करून पाचवीही सुधारत होते. उठताना आठ्यावाले म्हणाले, "आमच्याकडे असली तीन यंत्रं आहेत. तिन्हींच्या पाठीमागचे स्क्रू अजून कोणी सैल केलेले नाहीत."

महिन्याभरानं परवानगीचं पत्र आलं. अप्पांनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा नुसता शिक्का पाहिला, घडी घातली आणि आईला म्हणाले, "चिखलीवाल्याह्यले कळवा लागते." मी मागच्या अंगणात जाऊन तोंडावर पदर धरून एवढी हसले की शेजारची काकू विचारू लागली, काय झालं वं, विंचू चावला काय.

पत्राचं दुसरं पान मी तेव्हा वाचलं नव्हतं. ते जूनमध्ये कळलं. फायनलला शिकवायला आणि प्रयोग घ्यायला एम.एस्सी. झालेला माणूस लागतो. सर बी.एस्सी. होते. नवे लेक्चरर आले, चोवीस वर्षांचे, मिसरूड नुकतं स्थिरावलेलं. आमचं यंत्र, ते लाटणं, खाकी कव्हरची पोथी, सगळं फायनलच्या खोलीत गेलं, आणि सर खाली पहिल्या वर्षाला गोळ्या टांगून लंबक मोजायला राहिले.

मी तणतणत त्यांच्याकडे गेले. "तुमाले माहीत होतं काय हे?"

"फारम म्याच भरला न वं. त्यातच लिहेल हाय, सातव्या रकान्यात."

"मंग काऊन भरला?"

सर माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी पहिली पायरी विसरले आहे. "फायनल तुले पाह्यजे होती. माह्यी तं झाली हाय."

मला रडू आलं. ते सरांना चालत नसे, त्यांनी मला पाणी प्यायला पाठवलं.

त्यात आणखी एक घोडं अडलं. उन्हाळ्यात कुसुमचं लग्न होऊन ती मेहकरला गेली. फायनलला अकरा मुलगे आणि मी एकटी. प्रयोगाला टेबलावर दोघं लागतात, आणि अप्पांनी, हळूच आणि एकदाच, सांगितलं होतं की पोराच्या संगं एका टेबलावर नाही. एकटीनं काटा पाहायचा, घड्याळ पाहायचं, लिहायचं, हे जमणारं नव्हतं. नवे लेक्चरर भले होते, पण त्यांना काही सुचेना. पहिले दोन प्रयोग माझे अर्धेच राहिले. अप्पा घरी विचारत, "जमून राह्यलं न?" आणि मी हो म्हणत असे.

तिसऱ्या प्रयोगाला दारावर टकटक झाली. सर उभे होते. काखेत नवी शंभर पानी वही, तिला खाकी कव्हर.

"मे आय कम इन, सर?"

लेक्चरर धडपडून उभे राहिले. सर म्हणाले, "बसा सर, बसा. तुम्ही शिकवा. या पोरीले पार्टनर नाही, मी हाव." आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. वय वर्षं एकेचाळीस. मागच्या टेबलावरची मुलं वहीत तोंड खुपसून हसत होती. मीही हसत होते, आणि माझी वही सरकवून त्यांच्या वहीला जागा केली.

ते वर्षभर आले. आपले खालचे तास संपवून, कधी डबा न खाता. माझे अर्धे राहिलेले दोन प्रयोगही आम्ही पुन्हा केले. मी काटा वाचायची, ते लिहायचे, मग उलट. लेक्चरर काही समजावत तेव्हा सर हात वर करून शंका विचारत, आणि उत्तर बरोबर आलं की माझ्याकडे बघून मान डोलावत, जसं काही स्थळ पसंत पडलं. एकदा लेक्चररनी आमचं एक रीडिंग लाल पेन्सिलीनं खोडून 'पुन्हा घ्या' लिहिलं. चूक सरांची होती. सरांनी ते पान स्टाफ रूममध्ये नेऊन सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "पोरगं हुशार हाय, मले पकडलं."

विद्यापीठाच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. परीक्षेत प्रयोग ज्याचा त्यानं करायचा असतो, पार्टनर नसतो. माझा झाला. त्यांनी माझं वर्षभराचं जर्नल उघडलं. प्रत्येक प्रयोगाखाली पार्टनरच्या सहीची जागा असते. ते पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर तीच सही, बारीक, उजवीकडे चढत जाणारी.

"हे तुमचे पार्टनर वर्षभर एकदाही गैरहजर नाहीत," ते म्हणाले. मग त्यांनी परीक्षेची यादी पाहिली. "पण यादीत यांचं नाव नाही. परीक्षेला का नाही बसले?"

मी म्हटलं, "त्यांना परीक्षा द्यायची नव्हती, सर. मी द्यावी म्हणून ते येत होते."